बरोबरच्या खुणेतलं पाणी

गोंदियाच्या घशाच्या डॉक्टरांनी माझ्या नाकातून एक बारीक नळी आत घातली, पडद्यावर माझ्याच स्वरतंतूंवरच्या गाठी मला दाखवल्या आणि विचारलं, "करते क्या हो?" मी म्हणालो, शिकवतो. "क्या सिखाते हो?" कॉम्प्युटरची भाषा. डॉक्टर हसले. "मशीन से बात करने में गला कैसे बैठ गया?" त्यांना काय सांगणार. मशीनशी बोलताना घसा बसत नाही. माणसांना मशीनशी बोलायला शिकवताना बसतो.

बोलणं बंद करा, म्हणाले. दिवाळीपर्यंत तरी बंद. कुजबुजणं त्याहून वाईट, ते अजिबात नको. अगदीच अडलं तर दिवसाकाठी चार-दोन वाक्यं, तीही सावकाश. मी बाजारातून शाळेच्या पोरांची असते तशी एक पाटी आणली, घरी येऊन डॉक्टरांचं म्हणणं तिच्यावर लिहिलं आणि बायकोसमोर धरलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "घरी तुम्ही बोलत होते कवा?" मग ती फोडणी द्यायला गेली. रागाने नाही बोलली. खरंच होतं ते. दिवसभर क्लासमध्ये बोलून आलेल्या माणसाजवळ घरासाठी एक हुंकार तेवढा उरतो.

आमचा क्लास सडक अर्जुनीला, महामार्गाच्या अंगाला. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. रायपूरकडचा भरलेला ट्रक गेला की फरशी थरथरते आणि खिडकीजवळच्या मशीनचा प्लग ढिला असल्यामुळे ते बंद पडतं. ज्याच्या वाट्याला ते मशीन येतं त्याचं लिहिलेलं सगळं जातं. तो माझ्याकडे बघतो. मी पंख्याकडे बघतो. तो प्लग मी बदलून घेणार आहे, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो आहे.

मुलं येतात ती आजूबाजूच्या गावांतून, बारावी झालेली. त्यांतही मुली जास्त, कारण पोरं नागपूरला कंपनीत निघून जातात. घरी मोबाइल असतो, पण कळफलकाला हात लागतो तो इथेच पहिल्यांदा. त्यांना मी पायथन शिकवतो. पायथन ही फार सोपी भाषा आहे असं पुस्तकांच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. ज्यांनी लिहिलं त्यांनी ती भर दुपारी, लाइट गेलेली असताना, पहिल्यांदा माउस धरणाऱ्या पोरीला शिकवून पाहिलेली नसावी.

सोपी म्हणजे कशी, ते सांगतो. एकपासून पाचपर्यंत मोज म्हटलं तर ही भाषा चारवर थांबते. यादीतली पहिली वस्तू हवी असेल तर शून्य नंबरची मागावी लागते. एखाद्या ओळीच्या शेवटी दोन टिंबं देऊन पुढच्या ओळी आत सरकवायच्या. किती सरकवायच्या ते तुमच्या मर्जीवर, पण एक ओळ जरा कमी सरकली की मशीन रुसतं. बरोबरची एक खूण दिली तर तिचा अर्थ बरोबर असा होत नाही. बरोबर आहे का असं विचारायचं तर दोन खुणा द्यायच्या. आणि दर बॅचला, दर खुणेला, समोरून एकच प्रश्न येतो: काऊन?

पुण्याची मुलं म्हणत असतील, "असं का बरं, सर?" आमच्याकडे नुसतं काऊन. त्यात आर्जव नाही, लाजणं नाही. उत्तर मिळेपर्यंत पेन खाली ठेवलेलं असतं. सुरुवातीच्या काळात मी उत्तरं शोधून आणायचो, वाचायचो, दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचो. पुढे मला एक असं उत्तर सापडलं की जे सगळ्यालाच लागू पडतं. "तसंच आहे. लिहून घ्या." हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की डॉक्टरांनी दाखवलेल्या गाठींतली एखादी तरी त्याचीच असणार.

क्लासचे मालक गोंदियाचे. तिथे बाजारात त्यांचं कापडाचं मोठं दुकान आहे आणि कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी हा क्लास काढला. माझं दुखणं कळल्यावर त्यांचा फोन आला. मला बोलायचं नव्हतं, त्यामुळे फोन नेहमीपेक्षा लवकर संपला. "मास्टरजी, बोलने का धंधा है, गूंगे आदमी से कैसे चलेगा?" माणूस वाईट नाही. जे आहे ते म्हणाले. मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीच्या सुमाराच्या जत्रा-नाटकांचे, दिवस आले की येतो, तोवर या बॅचमधूनच कोणाला तरी उभं करा. मी स्वतः बसून पहिला धडा ऐकणार, म्हणाले. मला कॉम्प्युटरचं काही कळत नाही, तेव्हा मला समजलं तर कोणालाही समजेल. समजलं तर क्लास चालू. नाही समजलं तर मशीनं गोंदियाला.

खरं सांगायचं तर मला दोन्ही चाललं असतं. मी थकलो होतो. मशीनं खाली उतरवून टेम्पोत भरताहेत असं चित्र मी एक-दोनदा मनाशी रंगवूनही पाहिलं, आणि त्यात दुःख असं काही सापडलं नाही.

पण त्या बॅचमध्ये एक मुलगी होती. विशीतली, जंगलाकडच्या अंगाच्या एका गावातून सायकलने फाट्यावर येणारी आणि तिथून बस धरणारी. ती मुद्दाम खिडकीजवळच्या मशीनवर बसायची, कारण तिथे वारा लागतो. ट्रक गेला की तिचं लिहिलेलं जायचं. ती माझ्याकडे न बघता पहिल्यापासून लिहायला लागायची. सगळ्यात जास्त काऊन तिचेच. तिचा भाऊ नागपूरला एका कंपनीत खोकी बंद करायच्या कामावर होता आणि तिथेच तिची जागा ठरवून ठेवली होती. मंडई झाली की तो तिला न्यायला येणार होता. ती सुट्टीत महिनाभर ते काम करून आलेली होती. कसं होतं म्हणून मी पाटीवर लिहून विचारलं, तर म्हणाली, "काम काई कठीन नाई जी. पन तिथी कोनी कोनाले काई विचारत नाई. मी विचारलं तं हासते." तिला जायचं नव्हतं. क्लास राहिला तर ती इथे शिकवणार होती, नाही राहिला तर खोकी. हे आम्ही दोघांनीही एकदाच बोलून, म्हणजे तिने बोलून आणि मी लिहून, ठरवलं आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही.

अडचण अशी की पहिला धडाच तिला पटलेला नव्हता.

पहिला धडा असा असतो. a = 5 लिहायचं. म्हणजे a नावाचा डबा आहे आणि त्यात पाच ठेवले. मग खाली b = a लिहायचं, आणि वर्गाला विचारायचं, आता b मध्ये काय? पाच. शाब्बास. मग a मध्ये काय उरलं? शहरात दोन-चार पोरं इथे चुकतात. आमच्याकडे अख्खा वर्ग एका सुरात सांगतो, "खाली," म्हणजे रिकामा. कितीही वेळा विचारा, खालीच. कारण आमची धानाची शेती तळ्यावरची. तळ्याचं पाणी वरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, येतं, ती भरली की तिच्या कडेला वाट करून खालच्या बांधीत सोडतात. दिलेलं पाणी दिलेल्या जागी जातं, देणाऱ्याकडे राहत नाही. हे या मुलांना अक्षरं यायच्या आधीपासून माहीत असतं.

बरं, a मध्ये पाच तसेच राहतात हे मशीनवर दाखवलं, की दुसरी चूक तयार असते. a आता सात केला तर b किती? सात, म्हणतात. काऊन, असं यावेळी मी विचारायचो. "पाट कोठी बंद केला जी? खुलाच हाय ना." एकदा जोडून दिलं की वरचं खाली येतच राहणार. इतकं साधं आहे ते, की त्यांना माझी कीव येते.

तिचंही तेच. फरक एवढाच की तिला उत्तरं पाठ होती. a तसाच राहतो, b जुनाच राहतो, सगळं ती अचूक लिहायची. पण मंडई जवळ येऊ लागली तशी मी तिला नवीन आलेल्या मुलींसमोर उभं करून धडा घ्यायला लावलं, आणि मागे बसून पाहिलं. तिने डबा काढला, पाच ठेवले, b ला दिले. पोरी म्हणाल्या, खाली. ती फळ्याकडे बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "हो, खाली तं व्हालेच पायजे."

मी पाटीवर लिहिलं: तसंच आहे म्हण. पुढे जा.

तिने पाटी वाचली आणि टेबलावर पालथी ठेवली. "तसं तं मी नाई म्हनत," ती म्हणाली. "मले जे पटत नाई ते त्याहिले कसं पटवू?"

मला राग आला. बोलता येत नसताना राग आला की तो कुठे ठेवावा कळत नाही. मी खाली जाऊन टायरवाल्याकडे चहा प्यायलो.

पुढच्या आठवड्यात ती यायची थांबली. निरोप आला की तळं उघडलंय. तिचे वडील गावचे पाणकर, म्हणजे तळ्याचं पाणी कोणत्या बांधीला कधी द्यायचं हे पाहणारा माणूस. पावसाने शेवटी दगा दिला की भारी जातीचं धान ओंबीवर येताना तळ्यातूनच पाणी द्यावं लागतं, आणि त्या दिवसांत पाणकराच्या घरचं कोणी गाव सोडत नाही. एरवी मी वाट पाहिली असती. पण मालकांचा फोन आला. त्यांना सडक अर्जुनीच्या पुढे कोणाच्या तरी गावची मंडई बघायची होती, तेव्हा वाटेत परवाच येतो म्हणाले. मी मोटरसायकल काढली.

सकाळचं ऊन चांगलंच चढलं होतं. तळ्याच्या पाळीवर पंधरा-वीस माणसं जमली होती आणि तिचे वडील, एक गुडघा धरून, पाणी सोडायच्या दगडी दाराशी उभे होते. त्या दाराशेजारी पाण्यात एक जुना खांब आहे. त्याच्याकडे बघून ते मोठ्याने म्हणाले, "छातीभर." एवढंच. खांबावर आकडे नाहीत. घोटाभर, गुडघाभर, कमरेइतकं, छातीभर, अशी माणसाच्या अंगाची मापं. छातीभर म्हणजे शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पुरेल, पाट मोकळा करा. कमरेइतकं म्हणजे खालच्यांनी अजून थांबा.

त्या गावात रीत अशी की तळ्यापासून लांबच्या, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांना हे माप पाणकराच्या घरच्या माणसाने चालत जाऊन तोंडाने सांगायचं. मोबाइल सगळ्यांकडे आहेत. पण मोबाइलवर कोणीही काहीही सांगतं. ज्याने डोळ्याने खांब पाहिला त्यानेच समोर उभं राहून सांगितलं पाहिजे. वडिलांचा गुडघा गेल्यापासून ते काम तिच्याकडे होतं. तिने खांब पाहिला, मला पाहिलं, आणि "या" म्हणून पाटाच्या कडेने चालायला लागली. मी पाटी काखेत धरून मागे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालायची माझी सवय गेलेली आहे. चप्पल चिखलात रुतायची, ती काढायला थांबावं, तोवर ती पुढे गेलेली. परवा मालक येणार हे मला तिला सांगायचं होतं, आणि ती वळून बघेपर्यंत मला ते पाटीवर धरून दाखवताही येत नव्हतं.

शेवटच्या बांधीशी एक म्हातारे शेतकरी फावडं घेऊन बसले होते. तिने त्यांना सांगितलं, "छातीभर." त्यांनी फावडं उचललं. तेवढ्यात मागच्या सडकेने त्यांचा पुतण्या गाडीवर आला आणि म्हणाला, मी आत्ता तळ्यावरून येऊन राहिलो, कमरेइतकंच आहे. ती निघाल्यावर वरच्या लोकांनी ओढून घेतलं होतं. म्हाताऱ्यांनी फावडं खाली टाकलं. "पानकराची पोरगी होऊन खोटं सांगून राहिली?"

ती संतापली. इतकी संतापलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "मी पाहिलं तवा छातीभर होतं. मी चालून राहिली तवर तरा थांबून राहते का माह्यासाठी? तिकडं उतरलं तं माह्यातलं कसं उतरंन? माह्यापाशी मी निघाली तवाचंच राहीन. मी पुन्हा जाऊन पाहीन, तवा बदलंन."

आणि ती थांबली. तोंड उघडंच राहिलं. आमच्याकडे तळ्याला तरा म्हणतात. तिने वळून तराच्या दिशेला पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर," ती म्हणाली, "मी इथी सांगाले आली म्हनून तिथलं पानी कमी झालं का?"

मी मान हलवली. नाही.

"मी पानी आनलंच नाई. मी माप आनलं." ती धुऱ्यावर बसली. "तरा म्हंजे a. अन् b म्हंजे मी हाव."

म्हातारे माझ्याकडे वळले. "हे काय बोलून राहिली?" मी तोंड उघडलं, डॉक्टर आठवले, मिटलं. "मुका मानूस आनला कायले संग?" ते पुतण्याला म्हणाले.

मला आनंद झाला असं म्हणायला हवं. झाला असेल. पण त्या क्षणी मला सगळ्यात जास्त वाटला तो हेवा. तहान लागली होती, चपलेत चिखल होता, घसा ठणकत होता, आणि ही पोरगी धुऱ्यावर बसून एकटीच हसत होती. मला कधीपासून तसं हसू आलेलं नाही, एवढंच मनात आलं. मग मी पाटीवर लिहिलं: मालक परवा येतात. तिने वाचलं आणि म्हणाली, "येऊ द्या."

मालक आले ते झब्बा घालून, मंडईच्या तयारीने. पुढच्या बाकावर बसले. बाक लहान आणि मालक मोठे, त्यामुळे गुडघे बाहेर. मी मागे. तिने डबा काढलाच नाही. फळ्यावर तळं काढलं, खांब काढला, आणि एक चालणारी पोरगी काढली. a पाच हात. पोरीने पाहिलं आणि निघाली, ते b = a. पोरीपाशी काय? पाच. तळ्यात काय? कोणीतरी म्हणालं, पाचच, पानी कोनी नेलं? बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मग तळं उतरून तीनवर आलं. पोरीपाशी किती? "ते तं वाटेवर हाय ना," एक मुलगी म्हणाली, "तिले काय माहीत. पाचच." मी इतक्या बॅचेस शिकवल्या, आणि ते दुसरं उत्तर असं सहज आलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मालकांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा. "एक बात बताओ. पहले वाले ने दे दिया, तो उसके पास बचा कैसे?"

ती गोंधळेल असं मला वाटलं. मालकांना तळं नाही, धान नाही; कापडाचा माणूस. मी पाटी हातात घेतली. पण ती म्हणाली, "सेठजी, तुम्ही सकाळी दुकानातल्या मानसाले भाव सांगता. सांगतल्यावर तुमच्यापाशी भाव राहाते का जाते?"

"रहता है."

"मंग दुपारी तुम्ही भाव वाढवला. त्याले सांगतलं नाई. तो गिऱ्हाइकाले कोनता भाव सांगंन?"

मालक बाकावर मागे टेकले. "अरे, यही तो रोज का रोना है," ते म्हणाले. "नालायक पुराना भाव बोलता है." सगळा वर्ग हसला, तेही हसले. जाताना जिन्यात मला म्हणाले, "चलने दो, मास्टरजी. लड़की अच्छी है. आप पीछे बैठो, आराम करो." आणि मंडईला गेले. तिचा भाऊ त्याच आठवड्यात आला, गावच्या मंडईत रात्रभर नाटक बघितलं आणि एकटा नागपूरला परत गेला.

आराम करो म्हणणं सोपं असतं. मी रोज येऊन मागच्या बाकावर बसायला लागलो. आवाज थोडा परतला, पण डॉक्टर म्हणाले, वर्गात पुन्हा नाही. मुलींच्या चुका बघायच्या, पंखा चालू-बंद करायचा, हजेरी घ्यायची. तिचं शिकवणं मी ऐकत असे. पहिले काही आठवडे ती प्रत्येक काऊनला थांबायची. दोन टिंबांसाठी तिने गावच्या गायगोधनाच्या, दिवाळीतल्या गाईंच्या सणाच्या, आरोळीचं काहीतरी सांगितलं, ते जमलं नाही, दुसऱ्या दिवशी दुसरं सांगितलं. दोन बरोबरच्या खुणांसाठी ती बसमध्ये विचार करत यायची आणि जिना चढताच मला सांगायची. मला ऐकायला बरं वाटायचं, आणि दुपारनंतर झोप यायची.

हिवाळ्यात बॅचेस वाढल्या. सकाळी एक, दुपारी एक, मग शाळेच्या पोरांची एक. धान चुरून, म्हणजे मळून, झालं की घराघरांतून मुली मोकळ्या होतात. तिच्या हातात स्टीलची बाटली दिसायला लागली, गरम पाण्याची. बोलता बोलता ती खाकरायची. एकदा मी पाटीवर 'डॉक्टर' एवढंच लिहून दाखवलं, तर तिने हात उडवला.

त्या दिवशी दुपारपासून लाइट ये-जा करत होती. ट्रकही फार होते. खिडकीजवळच्या मशीनवर नवीन आलेली एक मुलगी बसली होती आणि तिचं लिहिलेलं जाऊन ती पुन्हा लिहीत होती. फळ्यावर यादी होती, गावांच्या नावांची, आणि पहिल्या गावाच्या खाली शून्य. त्या मुलीने डोकं वर करून विचारलं, "पहिला हाय तं शून्य काऊन?"

"तसंच हाय," ती फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली. "लिहून घे."

खडू थांबला नाही. पुढच्या गावाखाली एक लिहिला, त्याच्या पुढच्याखाली दोन. तिला कळलंही नाही आपण काय म्हणालो ते. आवाज तिचा होता, पण तो उतार, शेवटच्या शब्दावर सोडून दिलेला श्वास, तो माझा होता. मी इतका वेळ तिच्यासाठी खूश होतो, की ती खोकी बंद करत नाही, इथे आहे. आणि मला एकदम फार वाईट वाटलं. या खोलीत जे मला झालं ते तिलाही व्हायला एक हिवाळा पुरला होता.

नवीन मुलीने मान खाली घालून शून्य लिहून घेतलं. मी पिशवीतून पाटी काढली. बऱ्याच दिवसांत ती लागली नव्हती. 'पुन्हा विचार' असं लिहिलं आणि बाकावरून तिच्याकडे सरकवली. तिने वाचलं, मागे वळली आणि हळूच म्हणाली, "मॅडम रागावतीन." मी पाटी घेतली, पुसली, लिहिलं: रागावू दे.

तिने पेन खाली ठेवलं. "पन काऊन, मॅडम?"

फळ्यावरचा हात थांबला. ती वळली तेव्हा चेहऱ्यावर चीड होती, अगदी माझ्या ओळखीची, दुपारच्या बॅचची. मग तिची नजर त्या मुलीवरून तिच्या शेजारच्या पाटीवर गेली आणि तिथून माझ्यावर आली. मी पंख्याकडे बघितलं नाही. खालून एक ट्रक गेला, फरशी थरथरली, आणि ते मशीन पुन्हा बंद पडलं. तिने बाटली उघडली, घोटभर पाणी प्यायलं, झाकण लावायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"नागपूरले मले असं कोनी विचारलं नसतं," ती म्हणाली, त्या मुलीला की मला, कळलं नाही. मग तिने खडू ठेवला, ओढणीला हात पुसले आणि त्या मुलीच्या शेजारी बाकावर येऊन बसली. "मलेबी नाई माहीत, बाई. सरक जराशी. तुले काय वाटते, काऊन असंन?"

मी उठून त्या मशीनचा प्लग पाहायला गेलो.